तळहाताआडची अक्का

मामा माझे मामा नाहीत, चिमणीचे आहेत. चिमणी माझी कॉलेजातली मैत्रीण. हे नाव तिच्या आईनं पाडलं. पुढं ती दरवाजाच्या चौकटीला डोकं आपटण्याइतकी उंच झाली, तरी नाव सुटलं नाही. तिच्या घरी जो कोणी जातो, त्याचे ते मामाच होतात.

मामा फायबरचं काम करतात. पाण्याच्या टाक्या, कपड्यांच्या दुकानातले पुतळे, बागेतल्या घसरगुंड्या. काचेच्या तंतूंची चटई साच्यात अंथरायची, तिच्यावर चिकट रसायन फासायचं, वाळलं की अलगद सोडवायचं. त्या रसायनाचा वास त्यांच्या अंगाला कायमचा चिकटला आहे. काचेची कुसं मनगटात शिरतात, म्हणून ते बोलताना मनगट खाजवतात. त्यांचे कपडे घरात वेगळे धुतात. ‘मला मिठी मारायची तर रेनकोट घालून या,’ असं ते सगळ्यांना सांगतात.

त्यांच्या शेडमध्ये भिंतीवर चेहऱ्यांचे साचे टांगलेले असतात. पोकळ, आत गेलेले चेहरे. पहिल्यांदा मी त्यांच्यासमोरून चालत गेले, तेव्हा ते सगळे माझ्याबरोबर वळले. मी जागीच थिजले.

‘काय गं, साहित्यवाली?’ मामांनी विचारलं. मी साहित्यात पदवी घेतली, हा त्यांच्या लेखी एक चालता-बोलता विनोद आहे.

‘ते माझ्याकडे बघतायत.’

‘पोकळ चेहरा असाच. तू जाशील तिकडे वळतो. एक डोळा मिटून बघ बरं.’

मी एक डोळा मिटला. आत गेलेलं नाक सरळ माझ्या दिशेनं पुढं आलं. मी शेडबाहेर पळाले. मामा किती तरी वेळ हसत होते.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, चिमणीची आई. मामांना तिनंच वाढवलं. तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, भाजल्याचा डाग होता. मामा रांगत होते तेव्हा ते उकळत्या पाण्याच्या पातेल्याशी गेले. अक्का तेव्हा स्वतःच पोर. तिनं त्यांना मागं ओढलं आणि पातेलं तिच्यावर आलं. याबद्दल ती फक्त एवढंच म्हणायची, ‘पाणी गरम होतं.’

अक्काचे फोटो पुष्कळ आहेत. सगळ्यांत तळहात आहे. कोणी फोन उचलला की तिचा हात वर गेलाच समजा. चिमणीच्या वाढदिवसाला तळहात, पदवीदान समारंभात तळहात, घराच्या गच्चीवर तळहात. ओळखपत्रावर हात वर करता येत नाही, म्हणून तिथं तिनं मान अशी फिरवली आहे, की अर्धा चेहरा सावलीत गेला आहे. ‘तो फोटो आईचा नाही, सरकारचा आहे,’ असं चिमणी म्हणते.

अक्का गेल्या वर्षी गेली. भिंतीवर लावायला फोटो सापडेना. चिमणीनं खिळा ठोकला, फ्रेम आणली. फ्रेमबरोबर दुकानातून एक छापील कागद येतो, त्यावर कुणीतरी हसरे आई-बाप आणि दोन मुलं असतात. तो कागद तसाच राहिला. मामा येता-जाता म्हणायचे, ‘हे पाहुणे अजून गेले नाहीत का?’ चिमणी हसायची नाही.

अक्काचा चेहरा मात्र एका ठिकाणी होता.

चिमणी लहान असताना एका मोठ्या पार्कचं काम मामांकडे आलं होतं. पाळणे, घसरगुंड्या आणि बोटीतून फिरायची एक अंधारी गुहा. गुहेत शेवटी समुद्राची राणी हवी होती, शिंपल्यात बसलेली. धड झालं, शिंपला झाला, मासोळ्या झाल्या. चेहऱ्यापाशी घोडं पेंड खाऊ लागलं. जी मुलगी चेहरा द्यायला आली होती, ती तोंडावर ओलं प्लास्टर थापणार हे ऐकून ‘आलेच’ म्हणून जी गेली, ती गेलीच. माल न्यायला ट्रक यायचा होता. अक्का डबा द्यायला आली होती.

‘माझा घे,’ ती म्हणाली.

‘तुझा?’

‘काळोखातच बसवणार ना? मग झालं तर.’

तिला टेबलावर आडवं केलं. चेहऱ्याला तेल, नाकात दोन नळ्या, वर प्लास्टर, बळकटीला काथ्याचे तंतू. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं. ठरलं असं, की तिनं एकदा हात दाबला तर ठीक आहे, दोनदा दाबला तर लगेच काढायचं. प्लास्टर वाळेपर्यंत मामा तिचा हात धरून बसले. मध्येच ते काहीतरी बोलले आणि अक्काचं पोट हलायला लागलं. हसू दाबता दाबता ती थरथरली. साचा फुटतो की काय, असं वाटलं. नाही फुटला. काय बोलले ते मामांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, ‘कारागिराचं गुपित.’

साचा मालाबरोबर पार्कात गेला. या धंद्यात तसंच असतं. उद्या राणीचं नाक तुटलं तर तिथल्या तिथं नवा चेहरा काढता यावा.

अक्का राणी बघायला एकदाच गेली. बाहेर येऊन म्हणाली, ‘छान आहे. कोण आहे ती?’ सगळे हसले. चिमणीनं ही गोष्ट मला हसत हसत सांगितली होती. तिच्या लहानपणीची ती सगळ्यात मोठी बढाई होती. माझी आई राणी आहे.

मग पार्कवाल्यांनी जाहीर केलं, की जुनी गुहा पाडणार. येत्या दोन दिवसांच्या सुट्टीत ती शेवटची चालणार होती. चिमणीनं मला फोन केला.

‘तुझा कॅमेरा घे. पाळण्यात बसायला चला असं मामांना सांगितलंय.’

‘त्यांना माहीत नाही?’

‘माहीत आहे. पण तसं बोलायचं नाही.’

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी पोचलो. मामांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. पार्कात सगळीकडे संगीत, पोरांच्या किंचाळ्या, गरम डांबराचा वास. मी सवयीनं फोटो काढत होते. उंच पाळणा, रंग उडालेला घोडा, टोपी धरून पळणारे एक आजोबा. मामा प्रत्येक वस्तूच्या पाठीमागं जाऊन बघायचे. लोक घोड्याच्या तोंडाजवळ उभे राहून फोटो काढत होते आणि मामा घोड्याच्या पोटाखाली वाकले होते.

‘आतून बघावं,’ ते म्हणाले. ‘बाहेरून सगळेच छान असतात.’

गुहेच्या तोंडाशी पाटी होती. फ्लॅश मारू नये, बोटीत उभं राहू नये. बोटवाला तरुण होता, कंटाळलेला. त्यानं आमच्याकडे न बघताच दांडा ओढला.

आत थंड होतं, ओलसर. बोट साखळीनं ओढली जात होती. मासोळ्या गेल्या, खेकडा गेला, एक प्रधान मान हलवत गेला. चिमणीनं माझं मनगट घट्ट धरलं. वळणानंतर दिवा लागला आणि शिंपला उजळला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्याच क्षणी राणीनं हात वर केला. सलाम केल्यासारखा, सरळ चेहऱ्यासमोर. बोट पुढं गेली. हात तसाच. अंधार.

बाहेर आल्यावर आम्ही तिघंही स्क्रीनवर वाकलो. मुकुट, शिंपला, तळहात.

मामा हसले. मग थांबले. ‘मी केली तेव्हा हात खाली होता,’ ते म्हणाले. ‘मोटर नंतर बसवलीय.’

‘पुतळा झाली तरी सवय गेली नाही,’ चिमणी म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

आम्ही परत गेलो. मी आधीच बटण दाबलं. दिवा लागलाच नव्हता, फोटो काळा. परत गेलो. मी उजवीकडे सरकले, चिमणी डावीकडे, बोट डुलली. तळहात. बोटवाला आता आम्हाला ओळखू लागला होता. ‘राणीशी काही नातं आहे का?’ त्यानं चेष्टेनं विचारलं. चिमणी पुढच्या बोटीत जाऊन बसली. त्याचाच चेहरा उतरला. मग गुहा त्या दिवसापुरती बंद झाली.

रात्री लॉजवर जेवायला बसलो. मामांनी जेवण अर्धवट टाकलं. चिमणी फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होती. बोटांच्या फटीतून कपाळाचा तुकडा दिसत होता. ‘हे आईचंच,’ ती म्हणाली. मामा खिडकीकडे बघत होते. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. ज्या चेहऱ्यासाठी आम्ही आलो होतो, तो एकदासुद्धा मामांनी नीट बघितला नव्हता. राणी आली की ते पाण्याकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुहा कायमची बंद व्हायची होती. सकाळीच रांग लागली. निरोपाला आलेली माणसं. आमचा नंबर यायला वेळ लागला, आणि आत गेलो तर पुन्हा तेच. दिवा, हात, अंधार. चिमणी रडकुंडीला आली.

शेवटच्या फेरीला बोटीत चढताना मामा माझ्या कानाशी आले. पहिल्यांदाच त्यांनी काही सांगितलं.

‘समोरून नाही मिळायची. बोट गेली की हात खाली येतो. दिवा त्यानंतर विझतो. मागं वळून काढ.’

‘कालच का नाही सांगितलंत?’

ते मनगट खाजवत राहिले.

मी बोटीत उलटी बसले, गुडघ्यांवर. काठावरून बोटवाला ओरडला, ‘ओ ताई! खाली बसा!’ त्याचा आवाज गुहेत घुमला. चिमणीनं माझा पट्टा धरून ठेवला. दिवा लागला. हात वर गेला. आम्ही पुढं सरकलो. शिंपला लांब जाऊ लागला. हात हलला, खाली आला. मी बटण दाबून धरलं. अंधार.

‘मिळाली?’ चिमणीनं विचारलं.

‘मिळाली,’ मी म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही बघितलं. फोटो स्वच्छ होता. मी चेहरा मोठा केला. गुळगुळीत गाल, मोठे उघडे डोळे, सरळ मिटलेले ओठ. चिमणी बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, डाव्या गालावर.

‘डाग कुठाय?’

शेजारून आइस्क्रीमची गाडी गेली. मामा बूट बघत होते.

‘मामा.’

‘भरला.’

‘कोणी?’

‘मीच. पुट्टीनं. इथला साहेब म्हणाला, राणीच्या गालावर डाग कसा चालेल?’

‘साहेब म्हणाला.’

‘हो.’

‘आणि हे तोंड? आईचं तोंड असं नव्हतं.’

‘हसू दाबलेलं आलं होतं. राणी गंभीर पाहिजे म्हणाला. ते सरळ केलं. डोळे मिटलेले होते, ते कोरून उघडले.’

‘मग आईचं राहिलं काय?’

मामांनी खरंच विचार केला. ‘कपाळ,’ ते म्हणाले.

मी कॅमेऱ्याकडे बघत बसले. दुसरीकडे कुठं बघावं, कळत नव्हतं.

‘आईला कळलं होतं?’

‘ती बघून गेली ना. कोण आहे ती, म्हणाली.’

‘आम्ही हसलो होतो.’

‘मी नव्हतो हसलो.’

चिमणी उठली. ती मामांपेक्षा बरीच उंच आहे. त्यांच्यासमोर उभी राहिली तशी त्यांच्यावर सावली पडली. ‘जगाला दिसू नये म्हणून ती हात आड धरायची,’ ती म्हणाली. ‘ते मी समजू शकते. पण तो डाग तुमच्यापायी झाला होता, मामा. आणि तुम्हीच बुजवलात. मला एवढी वर्षं म्हणालात, ती बघ तुझी आई.’

मामांनी मान हलवली. नकार नव्हता, होकारही नव्हता.

‘काढून टाक तो,’ ती मला म्हणाली.

‘चिमणे, थोडा वेळ...’

‘काढून टाक म्हणते ना!’

माझा अंगठा बटणावर गेला. मी मामांकडे बघितलं. त्यांनी डोळे वर केले आणि ते एकदम उभे राहिले.

‘साच्यात आहे,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘सगळं. पुट्टी मी चेहऱ्यावर भरली. साच्याला हात लावला नव्हता. साच्यात डागपण आहे, तोंडपण आहे. तो इथंच दिला होता.’ ते आधीच चालू लागले होते.

पार्कची देखभाल करणाऱ्या माणसांची शेड गुहेच्या पाठीमागं होती. दाराशी एक म्हातारा फिटर तोंडात काडी धरून बसला होता. पाहुण्यांना इथं बंदी आहे, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. मामांनी त्याला बोलूच दिलं नाही.

‘राणीचा साचा. प्लास्टरचा. कुठं आहे?’

‘कोणता राणीचा? साचे सगळे गेले की.’

‘कुठं गेले?’

‘मागं नवीन रस्ता करतायत. त्याच्या भरावात. सकाळपासून तेच चाललंय.’

मामा धावले. त्यांना धावताना मी कधी बघितलं नव्हतं. मागच्या मोकळ्या जागेत दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे पांढरा ढिगारा होता. प्लास्टरचे तुकडे. अर्धी नाकं, बोटं, खवले. एक लोडर मागं-पुढं करत होता. मामा दोरीखालून आत शिरले, ढिगाऱ्यावर गुडघे टेकले. एकेक तुकडा उचलायचे, आतून अंगठा फिरवायचे, टाकायचे.

‘मासोळी,’ ते पुटपुटत होते. ‘हा प्रधान. हापण प्रधान. ही मासोळी.’

‘ओ! मरायचंय का?’ लोडरवाला वरून ओरडला.

चिमणी दोरीशी उभी होती, हाताची घडी घालून. लोडर मागं येताना ती घडी सुटली. ती दोरी ओलांडून गेली, मामांच्या शेजारी बसली आणि तीही उकरू लागली. तिला काय शोधायचं ते माहीत नव्हतं. ती प्रत्येक तुकडा मामांपुढं धरत होती. ते अंगठा फिरवून मान हलवत होते. लोडरचं बकेट इतकं जवळ आलं, की त्याखालची माती मामांच्या पाठीवर पडली. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही.

लोडरवाला इंजिन बंद करून खाली उतरला. ‘तुम्ही चाकाखाली याल आणि आत मी जाईन! काय शोधताय एवढं?’

मामा त्याच्याकडे बघत राहिले. ‘बहीण,’ ते म्हणाले.

तो गोंधळून दोन पावलं मागं सरला. तोवर फिटर आला होता. त्यानं मामांना काखेत हात घालून उठवलं. ‘चला. हात धुवा. असलं काही शोधायची ही जागा नाही. धड काही राहिलं नाही त्यात, पीठ झालंय.’

मामांचा ठेवणीतला शर्ट पांढरा झाला होता. आम्ही शेडमध्ये गेलो. कोपऱ्यात नळ होता. फिटर म्हणाला, ‘आवरा लवकर. शेडपण आजच रिकामी करून पाडायचीय. मघापासून ऑफिसातून दोनदा निरोप आले.’ चिमणी दारात पाठमोरी उभी राहिली. मामा हात धूत होते. पाणी पांढरं जात होतं. मला वाटलं, संपलं. आता परतीचा प्रवास, आणि भिंतीवर ते पाहुणे.

नळ चालूच राहिला. मामांनी मान वळवली होती.

‘ते काय आहे?’

‘कुठलं?’

‘तुमच्या टेबलावर. काळं.’

‘ती माझी नट-बोल्टांची परात,’ फिटर म्हणाला. ‘बरीच जुनी आहे. खोलगट आहे, बरी पडते. का?’

तिच्या काठातून काथ्याचे तंतू बाहेर आले होते.

मामा ओल्या हातांनी टेबलापाशी गेले. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. तिथं प्लास्टरमध्ये एक खळगा होता. त्यांचा अंगठा त्यात नेमका बसला.

‘उचलू नका हं,’ फिटर घाईनं म्हणाला. ‘मधून गेलीय ती. काथ्यावर तगलीय. उचललीत की दोन झाल्या म्हणून समजा.’

मग मामा नट काढू लागले. एकेक, बोटांनी. तळाशी पोचले तसे हळू झाले. शेवटी खोल जागेत एक वॉशर रुतून बसला होता. नाकात. तो त्यांनी नखानं सोडवला, फुंकर मारली आणि शर्टाच्या टोकानं आतून पुसायला लागले. प्लास्टर तेल पिऊन तपकिरी झालं होतं. चिमणी जवळ येऊन बघत होती.

‘काहीच दिसत नाही,’ ती म्हणाली.

खरंच दिसत नव्हतं. वरच्या ट्यूबलाइटखाली तो नुसता एक खड्डा होता. मी कॅमेऱ्यातून बघितलं. तिथंही खड्डाच. बाहेर लोडर पुन्हा सुरू झाला, आणि त्याचा आवाज आता शेडच्या बाजूला येत होता.

‘दिवा घालवा,’ मामा म्हणाले.

‘अहो, आधीच...’ फिटरनं सुरुवात केली, मग गुपचूप बटण बंद केलं.

मामांनी भिंतीशी टेकवलेला एक चकचकीत पत्रा उचलला. ते दाराशी गेले, जिथं ऊन येत होतं, आणि त्यांनी उन्हाचा तुकडा पत्र्यावर घेऊन टेबलाकडे वळवला. उजेड थरथरत आला, भिंतीवर गेला, खाली आला आणि हनुवटीच्या बाजूनं साच्यात शिरला.

‘स्टुलावर चढ,’ ते मला म्हणाले. ‘वरून सरळ बघ. एका डोळ्यानं.’

मी चढले. कॅमेरा लावला, दुसरा डोळा मिटला.

खड्डा नव्हता. एक बाई होती. ती खालून वर आली होती, माझ्या दिशेनं. पापण्या मिटलेल्या. ओठ आत ओढून घट्ट धरलेले, आणि एक कोपरा निसटायच्या बेतात. गालावर डोळ्याखालून हनुवटीपर्यंत कातडी चुरगळलेली, जशी होती तशी. समोर हात नव्हता. मी अक्काला किती तरी वेळा भेटले होते. तिच्या घरी राहिले होते. तिचा चेहरा असा थांबून मी पहिल्यांदा बघत होते.

‘काढ गं!’ मामा दारातून ओरडले. पत्रा जड होता, उजेड हलू लागला होता.

मी काढला. परत काढला. शेडच्या भिंतीला लोडरचा धक्का बसला आणि टेबल हाललं. फिटर बाहेर पळाला, ‘थांबा, थांबा, माणसं आहेत आत!’ मी तरी काढतच होते.

चिमणीनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला. फोटो मोठा केला. मग म्हणाली, ‘डाग उजव्या गालावर आलाय.’

मी स्टुलावरून उतरून बघितलं. उजव्याच.

‘साच्यात उलटंच दिसणार,’ मामा दारातून म्हणाले. ‘आरशासारखं. फिरवता येतो ना तुमच्यात?’

येतो. मी फिरवला. चिमणी पालथ्या बादलीवर बसली आणि तिनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला.

मामा अजून दारातच होते, पत्रा धरून. खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना स्क्रीन दिसत नव्हती.

‘हसतेय का?’ त्यांनी विचारलं.

‘दाबतेय,’ चिमणी म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, ‘काय बोलला होतात तिला?’

मला वाटलं, गुपित म्हणतील.

‘मी म्हणालो, अक्के, आज जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर गप्प बसलीस.’ पत्रा त्यांच्या हातात हलला, आणि उजेड छतावर जाऊन नाचला. ‘तिनं माझा हात दाबला. एकदा नाही, दोनदा नाही. दाबतच राहिली. मला कळेना, काढू की नको. घाबरलो मी. हसतेय ते नंतर कळलं.’

चिमणी उठून दाराशी गेली. तिनं त्यांच्या हातातला पत्रा घेऊन भिंतीला टेकवला आणि त्यांना मिठी मारली, सगळ्या पांढऱ्या धुळीसकट.

‘अगं, खाज येईल,’ मामा म्हणाले.

साचा आम्ही उचलला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. फिटरनं ते गोणपाटात बांधून दिले. ‘परात मोडली ती मोडली,’ तो म्हणाला, ‘आता नट कशात ठेवू?’ पुढच्या महिन्यात मामांनी त्याला फायबरचं एक मोठं घमेलं पाठवलं.

ते दोन तुकडे आता मामांच्या शेडमध्ये आहेत, भिंतीवर नाहीत, कपाटात. फोटो चिमणीच्या भिंतीवर आहे. पाहुणे गेले. फोटो मोठा करताना मला नाकाच्या बाजूला एक गोल तेलकट ठसा दिसला, वॉशरचा. तो घालवणं अगदी सोपं होतं. मी चिमणीला विचारलं.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘आता काही भरायचं नाही.’

पहिल्यांदा फोटो बघायला मामा आले तेव्हा त्यांनी चप्पल काढली, आणि ते भिंतीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग परत आले. मग पुन्हा गेले. चिमणीनं स्वयंपाकघरातून विचारलं, ‘काय चाललंय मामा?’

‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘माझ्याबरोबर वळते का बघतोय.’